डावी नळी

फक्रुद्दीन मिस्त्रींच्या दुकानात बंदूक आली की आधी गज बोलतो, मग मिस्त्री बोलतात. गज म्हणजे पितळी टोकाची लांब सळई. ती नळीत अलगद सोडायची. नळी रिकामी असली तर तळाला लागून टण् असा खणखणीत आवाज येतो, आत बार भरलेला असला तर नुसता मुका धप्प. तेवढ्यावर भागत नाही. नळीच्या तोंडाशी गजावर खडूची रेघ मारायची, गज बाहेर काढून नळीच्या अंगाला लावून धरायचा, आणि तो बुडापर्यंत पोचतो की वीतभर अलीकडेच थांबतो ते डोळ्यांनी बघायचं. एका नळीची एक रेघ, दोन नळ्यांच्या दोन. ही रीत त्यांच्या वडिलांची. वडील सांगायचे, "मालक म्हणाला रिकामी हाय, की त्याला चहा सांग, आणि तो चहा पितोय तवर गज घालून घे."

दुकान कोल्हापुरात, गंगावेशीकडे जाणाऱ्या रस्त्यावर. एका बाजूला झेरॉक्स, दुसऱ्या बाजूला सायकलींचं दुकान, आणि मध्ये हे, दाबून बसवल्यासारखं. पाटीवर 'बंदूक दुरुस्ती' एवढंच लिहिलेलं, आणि आत काचेच्या चौकटीत सरकारी परवाना. शिकारीचे शौकीन होते तेव्हा इथे बसायला जागा मिळत नसे. शिकार बंद झाली, शौकीन म्हातारे झाले. आता निवडणूक आली की लोकांच्या बंदुका पोलीस ठाण्यात जमा होतात, त्या परत मिळाल्या की गंज काढायला चार येतात. खंडेनवमीच्या आधी जुन्या घरांतली हत्यारं उजळायला आणखी चार. बाकी वर्षभर मिस्त्री पेपर वाचतात आणि शेजारच्या सायकलवाल्याला ब्रेक कसे बसवावेत ते न विचारता सांगतात. वय अडुसष्ट. हात अजून थरथरत नाही, हे ते स्वतःच दिवसातून दोनदा सांगतात.

असा हा माणूस वर्षातला एक दिवस मात्र कामातून जायचा. तो दिवस बारा ऑगस्ट, त्यांच्या एकुलत्या एक लेकीचा, अरीबाचा वाढदिवस. लग्नानंतर चौदा वर्षांनी झालेली ही लेक. तिच्यासाठी त्यांच्या बायकोने, बिबीजानने, किती दर्गे आणि किती दवाखाने पालथे घातले त्याची गणती नाही. पण वाढदिवस उजाडला की बाप गप्प. घरात केक यायचा, बिबीजान बिर्याणीचा बेत करायची, आणि हे सकाळीच जाऊन दुकान उघडायचे. असतील नसतील तेवढ्या बंदुका पुन्हा खाली काढायच्या, पुन्हा गज घालायचा, पुन्हा रेघा मारायच्या. संध्याकाळी घरी येऊन चार घास खायचे आणि आडवं व्हायचं. अरीबा नववीत असताना तिने एकदा आईला विचारलं, "अब्बांना पोरगा पायजे हुता काय गं?" बिबीजान म्हणाली, "कायतरी बोलू नकोस." पण पोरीच्या मनात ते बसलं ते बसलंच. पुढे ती शिकली, शाळेत गणित शिकवायला लागली, लग्न होऊन राजारामपुरीत राहायला गेली, तरी बारा ऑगस्टला बापाशी बोलताना तिचा आवाज जरा जपून यायचा. मिस्त्रींना ते कळायचं. खरं काय ते सांगायची छाती मात्र त्यांना होत नव्हती.

ते खरं गेल्या सप्टेंबरात एका लांबट खोक्यात घालून धैर्यशील दुकानात घेऊन आला. अर्थात त्याला त्याची कल्पना नव्हती.

धैर्यशीलची उद्यमनगरात फाउंड्री आहे आणि त्याला जुन्या हत्यारांचा नाद आहे. वय चाळीस, कागदपत्रं चोख, आणि उत्साह शाळकरी पोराचा. "चाचा," तो म्हणाला, "आज असा माल आणलाय की चहा विसराल."

खोक्यात जुन्या शालीत गुंडाळलेली दोन नळ्यांची ठासणीची शिकारी बंदूक होती. वय दीडशे वर्षांच्या पुढे. या बंदुकीला काडतूस नसतं. दारू पुढून, नळीच्या तोंडातून ओतायची, वर चिंधीचा बोळा, त्यावर छर्रे, पुन्हा बोळा, आणि सगळं गजाने ठासायचं. मागे प्रत्येक नळीला एक पोकळ चोच असते, तिच्यावर तांब्याची इवलीशी टोपी बसवायची. चाप ओढला की घोडा टोपीवर आदळतो, टोपी फुटते, ठिणगी चोचीतून आत जाते आणि बार उडतो. धैर्यशील नळ्यांच्या लोखंडात उमटलेलं लाटालाटांचं जौहर दाखवत होता, घोड्यांवर कोरलेली वेलपत्ती दाखवत होता, आणि मध्येच हळहळत होता. बाजूच्या पट्टीवर कारागिराचं नाव होतं, ते कुणीतरी वर्षानुवर्षं चिंच लावून तांब्यासारखं घासलं होतं. "अर्धं नाव गेलं बघा, चाचा. संग्राहक ज्या नावासाठी जीव टाकतात त्या नावाला बाईनं चिंच लावली."

मिस्त्रींचं लक्ष नावाकडे नव्हतंच. दस्त्याच्या लाकडात एक बदामाच्या आकाराचा पितळी तुकडा बसवलेला होता. तो त्यांच्या वडिलांनी बसवला होता.

"नेसरीची हाय न्हवं ही?" त्यांनी विचारलं. "केरबाची?"

"तुम्ही ओळखली? त्यांच्या बायकोकडून घेतली, तानाबाईंकडून. मुलगा पुण्याला असतो, परवान्याचे हेलपाटे आता झेपत नाहीत म्हणाल्या. काळजी करू नका, रिकामी आहे. मी विचारलं ना त्यांना. म्हणाल्या, फक्रुद्दीन मिस्त्रींनीच बघून दिलीय."

मिस्त्री स्टुलावर बसले. मग म्हणाले, "धैर्यशीलराव, जरा चहा घ्या."

त्याचं असं झालं होतं. शहाण्णव साली केरबा गेला. त्यानंतर दोन महिन्यांनी तानाबाई दिराला सोबत घेऊन ही बंदूक दुकानात घेऊन आल्या. परवाना मुलाच्या, सयाजीच्या नावावर करायचा होता आणि त्याआधी बंदूक तपासून हवी होती. मिस्त्रींनी उजव्या नळीत गज घातला तर तो चिकटून बसला. आत खवट तेलाचा नुसता लगदा. विचारलं तर बाई म्हणाल्या की खंडेनवमीला औतकाठीला, विळ्या-कोयत्याला तेल पुसतो, तसं बंदुकीलाही पाजतो, आणि मालक गेल्यावर टांगून ठेवतानाही पाजलं. तेव्हा मिस्त्री चाळिशीत होते आणि तडकायला त्यांना वेळ लागत नसे. "वैनी, ह्यो काय मारुती हाय व्हय तेल घालायला? लाकूड कुजतंय, चाप चिकटतोय. हितनं म्होरं एक थेंब घालायचा न्हाय." बाई बरं म्हणाल्या.

तासभर खपून मिस्त्रींनी उजवी नळी लख्ख केली. गज टण् वाजला. खडूची रेघ मारली. आता डावीकडे वळणार, एवढ्यात झेरॉक्सच्या जागी तेव्हा जो पानवाला होता तो ओरडत आला, दवाखान्यातून फोन आलाय, मुलगी झाली, दोघी सुखरूप आहेत. चौदा वर्षं वाट पाहिलेला माणूस तो. बंदूक त्यांनी दिराच्या हातात कोंबली, "दोनी नळ्या रिकाम्या हायत, घेऊन जावा, वैनी, तुमची बर्फी माझ्याकडं लागली" असं म्हणाले आणि दुकान उघडं टाकून पळाले. शटर पानवाल्याने ओढलं.

तिसऱ्या दिवशी ते दुकानात आले. खाली पडलेला गज उचलून भिंतीला लावताना त्यांचा हात थांबला. गजावर खडूची एकच रेघ होती.

आता कुणीही म्हणेल, मग माणसाने एस.टी. धरून नेसरी का गाठली नाही? गाठली की. पण लगेच नाही. आधी वर्षभर स्वतःला समजावलं की उजवी रिकामी होती म्हणजे डावीही असणारच. ते पटेना, तेव्हा पुढच्या वर्षी निमित्त काढून गेले, आणि गेले तेही नेमके खंडेनवमीला. सोप्यात पाटावर कुऱ्हाड, कोयते, पहार मांडलेली, झेंडूच्या माळा घातलेल्या, आणि मध्ये भिंतीला टेकून बंदूक, कपाळाला कुंकू लावलेली. पुढे निरांजन तेवत होतं. डाव्या नळीच्या चोचीपासून ज्योत हातभर अंतरावर.

"जरा बघू काय ती?" मिस्त्रींनी हात पुढे केला.

"आज न्हाय, मिस्त्री," तानाबाई म्हणाल्या. "एकदा पूजेला मांडली की दसऱ्याचं सोनं लुटून हुईस्तवर हात लावायचा न्हाय. जेवून जावा."

मिस्त्रींनी बसल्या जागी निरांजन लांब सरकवायला लावलं. पोरांना जवळ जाऊ देऊ नका म्हणाले. मग मनात एक आशा धरून त्यांनी विचारलं, "तेल घालताय काय अजून?" कारण तेलात भिजलेली दारू पेटत नाही, हे त्यांना ठाऊक होतं. बाईंनी अजूनही तेल घातलं असतं तर त्यांच्या जिवावरचा धोंडा उतरला असता.

"छ्या," तानाबाई म्हणाल्या. "तुमी सांगितल्यापास्नं एक थेंब न्हाय."

मिस्त्रींनी दोन पुरणपोळ्या कशाबशा गिळल्या आणि परतीची गाडी धरली. नंतर येतो म्हणाले, आणि नंतर कधी गेलेच नाहीत. भित्रेपणाच तो, दुसरं काही नाही. नेसरीत जाऊन म्हणायचं काय, की मी बघितलं म्हणालो ते न बघता म्हणालो? वडिलांपासून दुकान चाललं होतं ते या एका शब्दावर. आज जाऊ, उद्या जाऊ करत एक वर्ष गेलं, मग दहा गेली, आणि इतक्या उशिरा जाऊन सांगायची तर लाजच वाटायला लागली. त्या घरात नातवंडं वाढत होती, भिंतीवर बंदूक होती, आणि दारू कोरडी ठेवायचा सल्लाही आपणच देऊन आलो होतो. रोज सकाळी पेपर उघडला की ते आधी नेसरी-गडहिंग्लजकडच्या बातम्या वाचायचे. काही नाही असं बघितल्यावर मग क्रिकेट.

धैर्यशीलचा चहा अर्धा झाला तसे मिस्त्री उठले. उजव्या नळीत गज सोडला. टण्. रेघ मारली. डाव्या नळीत सोडला.

धप्प.

गज बाहेर काढून नळीशेजारी धरला. वीतभर अलीकडेच थांबला होता.

"भरलेली हाय," मिस्त्री म्हणाले.

धैर्यशीलने ही बंदूक नेसरीपासून मागच्या सीटवर टाकून, प्रत्येक स्पीडब्रेकरवर आदळत, नळ्यांची तोंडं स्वतःच्या पाठीकडे करून आणली होती. त्याने कप खाली ठेवला आणि सायकलच्या दुकानापलीकडे जाऊन उभा राहिला. तिथूनच त्याने विचारलं, "चाचा, आता?"

"आता तुमी घरी जावा. मला चार दिवस द्या."

घाई करण्यासारखं हे काम नव्हतं. एकदा केली होती तेवढी पुरे. बंदूक शिकंज्यात आडवी आवळून बसवली, नळ्यांची तोंडं मागच्या दगडी भिंतीकडे केली. डावी चोच गंजून घट्ट झाली होती. तिच्या बुडाशी दोन दिवस गंज सोडवायचं औषध मुरवलं. तिसऱ्या दिवशी किल्ली लावून केसाकेसाने फिरवली. चोच निघाली की तिच्यामागे कोरडी काळी दारू भुरभुर सांडेल, अशी मिस्त्रींची खात्री होती. खाली त्यांनी ओलं फडकं पसरून ठेवलं होतं.

दारू सांडली नाही. भोकातून काहीतरी दाट, तपकिरी हळूहळू बाहेर आलं आणि फडक्यावर टपकलं. दुकानात वास पसरला. मिस्त्रींनी बोट लावून नाकाशी नेलं. शेंगतेल. जुनं, खवट झालेलं, पण घाण्याचं शेंगतेलच.

त्यांना आधी खरं वाटेना. सुईने आतून चिमूटभर काळा चिखल काढला, डबीच्या झाकणावर घेतला, रस्त्याच्या कडेला नेऊन ठेवला आणि लांबून काडी लावली. काडी विझली. दुसरी लावली. चिखल जरा चुरचुरला, कढईत मोहरी पडल्यासारखा, आणि धूर सोडून गप्प बसला. तिसऱ्या काडीला तोही नाही. इतक्या वर्षांची ती दारू, आणि तिला दिव्याची वात पेटावी एवढंही बळ उरलं नव्हतं.

मिस्त्री तिथेच फूटपाथवर बसले आणि रडायला लागले. सायकलवाला पान्हा टाकून पाणी घेऊन आला. त्याला वाटलं, छातीत कळ आली. "काय न्हाय रे," मिस्त्री म्हणाले, "बरं वाटतंय. लई बरं वाटतंय." आणि पुन्हा रडले.

नंतर रीतीप्रमाणे नळीत पाणी भरून ठेवलं, गजाच्या टोकाला पेच लावून वरचा बोळा ओढला, छर्रे काढले, खालचा बोळा काढला, आणि शेवटी दारू आली ती काकवीच्या गोळ्यासारखी. एका वर्षाचं तेल नव्हतं हे. बंदूक उभी ठेवून वरून घातलेलं, बोळ्याबोळ्यांतून झिरपत खाली गेलेलं, कितीतरी नवम्यांचं तेल होतं. म्हणजे बाईंनी ऐकलं नव्हतं.

त्यांनी अरीबाला फोन लावला. "रविवारी मला नेसरीला नेतीस काय? एका बाईची माफी मागायची हाय."

"कसली माफी, अब्बा?"

"तितं सांगतो. दोनदा सांगायला जमणार न्हाय."

तानाबाई सोप्यात शेंगा फोडत बसल्या होत्या. ऐंशीच्या पुढचं वय, दात गेलेले, पण बोटं भराभर चालत होती. सुगी नुकतीच झाली होती आणि सोपाभर शेंगांची पोती होती. "मिस्त्री, आलासा व्हय," त्या म्हणाल्या, जणू काल भेटले होते. "बसा की. ही कोण, लेक? बस गं बाई."

मिस्त्री बसले नाहीत. उभ्यानेच म्हणाले, "वैनी, शहाण्णव साली मी तुमास्नी दोनी नळ्या रिकाम्या हायत म्हणून सांगितलं. ते खोटं हुतं. डावी मी बघितलीच न्हवती. ती भरलेली हुती. परवा मी सोता काढली."

तानाबाईंनी एक शेंग फोडली. "तरीच," त्या म्हणाल्या.

"तरीच काय?"

"आमचा नातू ल्हान हुता तवा दिवाळीच्या टिकल्या आणायचा आन त्या चोचीवर ठेवून चाप वढायचा. उजवीवरची फाटदिशी वाजायची. डावीवर ठेवली की तेलानं भिजून फुसकी व्हायची. म्हणायचा, आज्जे, डावी नळी सर्दावलीया."

मिस्त्रींनी खांब धरला. टिकली म्हणजे दारूच की. कोरड्या बारावर ती टोपीचं काम करू शकली असती. अरीबाने बापाला हात धरून पोत्यावर बसवलं आणि तांब्याभर पाणी पाजलं. तानाबाईंचं शेंगा फोडणं चालूच होतं.

"पर वैनी," पाणी प्याल्यावर मिस्त्री म्हणाले, "तुमी तर म्हणालासा एक थेंब न्हाय घालत."

"खोटं बोललो. तुमी एवढं कोल्लापुरास्नं आलतासा, तुमास्नी वाईट कशाला वाटू द्यायचं?" तानाबाई म्हणाल्या. "नांगराला तेल, कोयत्याला तेल, शिवणाच्या मशिनीला तेल, मग बंदुकीनंच काय पाप केलंतं? पर तुमचा मान राखला मी. उजवी तुमी घासून पुसून दिलतीसा, म्हणून तिला नुसतं बोट लावायची. डावीला तुमी हातच लावला न्हवता. म्हटलं, हिच्याकडं कुणाचंच लक्ष न्हाय. हिला वाटीभर."

"म्हंजे तुमी बघितलं हुतं?" मिस्त्रींनी विचारलं. "मी डावीला गज घातला न्हाय ते?"

"समोरच बसलेली की."

"मग बोलला का न्हाईसा?"

"कसं बोलू?" तानाबाईंनी पहिल्यांदा मान वर केली. "लेक झाली म्हणून निरोप आला. तुमच्या डोळ्याला पाणी. चपला दुकानात ऱ्हायल्या, तुमी अनवाणी, पावसात पळालासा. तसल्या वक्ताला माणसाला मागनं हाक मारायची असतीय व्हय?"

अरीबा गणिताची मास्तरीण, आकडे तिच्या डोक्यात आपोआप जुळतात. "अब्बा," तिने विचारलं, "तारीख कुठली हुती ती?"

"बारा ऑगस्ट."

"म्हंजे दर वर्षी माझ्या वाढदिवसाला तुमी..."

"त्या नळीचा इचार करत हुतो. दुसरं काय?"

"मला वाटायचं," अरीबा म्हणाली, "तुमाला पोरगी नको हुती."

मिस्त्री लेकीकडे बघतच राहिले. अठ्ठावीस वर्षं ते नेसरीच्या पोरांची काळजी करत होते. आपल्याच घरात काय भरून ठेवलंय ते त्यांनी तपासलं नव्हतं. उत्तर तानाबाईंनीच दिलं.

"नको हुती? अगं, ह्यो बाबा त्या दिवशी रस्त्यावरच्या म्हशीला बी सांगत पळाला असंल. मी डोळ्यांनी बघितलंय. पाच मिनटं आदी मला तेलावरनं झाडत हुता, आन निरोप आल्यावर माझ्याच पाया पडला. इचार त्यालाच."

"पडलो हुतो," मिस्त्री म्हणाले. त्यांना ते आता आठवलं. "लई आनंद झालता, अरीबा. त्याच आनंदात घोळ घातला. तसला आनंद मला परत कवा झाला न्हाय."

अरीबा बापाच्या खांद्याला डोकं लावून बसली.

मिस्त्रींनी खिशातून एक पुडी काढली. नळीतून निघालेला बोळा त्यांनी साबणाने धुऊन, वाळवून आणला होता. तळहाताएवढी चिंधी, एका कडेने काळपट, पण आतून हिरवी, आणि काठाला तांबडे धागे. तेलात राहिल्यामुळे रंग टिकून होता. "बार भरताना ह्यो घातलता," ते म्हणाले.

तानाबाईंची बोटं थांबली. चिंधी त्यांनी डोळ्यांजवळ धरली, मग मांडीवर ठेवून हाताने सारखी केली.

"माझं इरकल ह्ये," त्या म्हणाल्या. "भुईमुगात डुकरं आलती. ह्यास्नी चिंधी गावंना, म्हणून दांडीवरच्या लुगड्याचा कोपरा टर्कन फाडला. दोन दिस मी बोललो न्हाय त्यांच्यासंगं. एकच बार वाजला त्या सांजंला. म्हणाले, दुसरा ऱ्हाऊ दे भरलेला, उद्या परत येत्याल डुकरं. उद्या तापानं पडले ते उठलेच न्हाईत." चिंधीची घडी करून त्यांनी चंचीत, पानसुपारीच्या कप्प्यात ठेवली आणि चंचीची दोरी गुंडाळली. "बरं केलंसा, आणून दिलीसा."

मिस्त्री हात जोडून म्हणाले, "वैनी, माफ केलं म्हणा."

"कशाची माफी? तुमी चुकलासा, मी ऐकलं न्हाय, म्हणून समदी जित्ती हायत." तानाबाईंनी नाक पुसलं आणि नवी शेंग उचलली. "पर माझी बर्फी कुटं हाय? लेक झाल्याची. मी इसरलो न्हाय."

अरीबा उठली ती थेट चौकातल्या दुकानात गेली आणि बर्फीची खोकी घेऊन आली. पहिला तुकडा तिने तानाबाईंच्या तोंडात घातला. दात नसल्याने त्यांनी तो बराच वेळ जिभेवर घोळवला आणि जरा गोड जास्त आहे म्हणाल्या. निघताना त्यांनी अरीबाच्या ओंजळीत शेंगा ओतल्या आणि मिस्त्रींच्या हातात शेंगतेलाची बाटली दिली.

उन्हं कलता कलता गाडी गंगावेशीजवळ आली. "थांब जरा," मिस्त्री म्हणाले आणि उरलेली खोकी घेऊन उतरले. झेरॉक्सच्या पोरीला बर्फी दिली, चहावाल्याला दिली, सायकलवाल्याला दोन तुकडे दिले. सायकलवाल्याने ग्रीसचे हात मागे घेऊन तोंडच पुढे केलं आणि बर्फी चावत विचारलं, "कशाची हो, चाचा?"

"मुलगी झाली मला," फक्रुद्दीन मिस्त्री म्हणाले.

गाडीची काच खाली होती. अरीबाने ते ऐकलं.